नमस्कार करून घेतलेली करवत

घरात विजेवर चालणारी करवत आणायचं ठरलं, त्या दिवसापासून सुमेधा भेटेल त्या दुकानदाराला दोन्ही हात जोडून नमस्कार करायला लागली.

"तुला झालंय काय?" नागदेवी स्ट्रीटवरच्या तिसऱ्या दुकानातून बाहेर पडल्यावर जगनने विचारलं. "सासरा आहे का तो तुझा?"

"माणसाने नम्र असावं," सुमेधा म्हणाली आणि नमस्कारापुरती त्याच्याकडे दिलेली राधा तिने पुन्हा कडेवर घेतली.

नम्रपणाचा यात काडीचाही संबंध नव्हता. आपण हात जोडले की समोरच्याला जोडावेच लागतात आणि त्याने जोडले की त्याची दहाही बोटं आपल्यासमोर ओळीने उभी राहतात. किंवा राहत नाहीत. सुमेधाला तेवढंच बघायचं होतं. करवत चांगली की वाईट ते करवतीकडे बघून तिला कळणार नव्हतं; पण तिच्याजवळ उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसाचे हात खोटं बोलणार नाहीत, असा तिचा हिशोब होता.

सुमेधाने मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं होतं. त्यामुळे आपल्याला नेमकी कसली भीती वाटते हे तिला व्यवस्थित सांगता येत असे. ती घालवता मात्र येत नसे. आणि भीती वाटायला घरात कारण होतं. राधा दोन वर्षांची झाली होती आणि तिचं बोट तिच्यापुढे हातभर चालायचं. स्टुलाच्या भोकात, स्टोव्हच्या बर्नरमध्ये, शेजारच्या खोलीत दुपारी झोपलेल्या आजोबांच्या कानात, जिथे म्हणून बोट जाईल तिथे ते जाऊन आलेलं असायचं. डिलाईल रोडच्या चाळीतली एकच खोली. तिच्यात स्वयंपाक, अंघोळ, झोपणं, पाहुणे, सगळं. आता त्या खोलीच्या मधोमध, टेबलातून अर्धं डोकं वर काढून गरगर फिरणारं दातेरी पातं यायचं होतं.

पण ती 'नको' म्हणू शकत नव्हती. मिलच्या संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. संप संपला असं कोणी येऊन सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपापलं कळलं होतं एवढंच. जगन साच्यावरचा, म्हणजे मागावरचा माणूस, हाताला काम नसलं की त्याच्या तोंडाला चव नसे. मग त्याने शेजाऱ्यांची फडताळं दुरुस्त करायला घेतली, एकाला पोटमाळा करून दिला, तो बघून दुसऱ्याने सांगितला. हाताने फळ्या कापून कापून त्याचा खांदा धरायचा आणि तोवर गिऱ्हाईक दुसरा सुतार बघायचं. करवतीचं मशीन आलं तर धंदा उभा राहणार होता. त्यात सुमेधाचा भिशीचा नंबर लागला. मग तिने स्वतःच पैसे जगनच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "घ्या. पण निवडायला मी येणार."

निवडायला आणखी दोघे आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सीतारामदादा जगनच्याच मिलच्या विणाईखात्यात जॉबर होते, म्हणजे पन्नास माणसं आणि शंभर साचे त्यांच्या एका शिटीवर चालायचे. भिवा मशीनला तेल घालणारा. बेअरिंगच्या नुसत्या आवाजावरून तो त्याचं वय सांगायचा. दोन वर्षं दोघांच्या हाताखाली एकही मशीन आलं नव्हतं. जगनला करवत घ्यायचीय हे कळल्यावर दोघे इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले.

"स्वस्त आणि मस्त, दोन्ही पाहिजे," सीतारामदादांनी जाहीर केलं. "नुसतं स्वस्त कोणीही घेईल."

नागदेवीवर नवी मशीनं होती. दुकानदार तरुण, गुळगुळीत, केसांना तेल. सुमेधाने नमस्कार केला. दहा. तिला बरं वाटलं. मग तिने विचारलं, "बोट कापतं का हो याने?"

त्याला वाटलं, गिऱ्हाईक मशीनच्या ताकदीवर शंका घेतंय. "क्या बात करते भाभी!" तो दुखावून म्हणाला. "बोट तर मक्खन! हाडाचा आवाजपण नाय येणार. गॅरंटी!"

सुमेधा राधाला घेऊन थेट रस्त्यावर आली. भिवाने मागून येऊन सांगितलं, "वैनी, तो नवीन आहे. त्याने स्वतः कधी लाकूड कापलेलं नाय. तेल फक्त केसांना लावतो." तेव्हा सुमेधाच्या लक्षात आलं की नुसती दहा बोटं असून भागणार नाही. दहा बोटं असलेला, आणि मशीन वापरलेला, असा माणूस पाहिजे.

मग कॉटन ग्रीनच्या एका गोदामात जुनं मशीन असल्याची बातमी लागली. गोदामवाला ऐसपैस, बोलका माणूस होता. पण त्याचा डावा हात पँटच्या खिशातून बाहेर येईना. सुमेधाने नमस्कार केला. त्याने नुसती मान हलवली. तिने पुन्हा केला. त्याने उजवा हात छातीला लावला. तिसऱ्यांदा तिने राधालाच पुढे केलं, "काकांना जयजय कर बघू!" दोन वर्षांच्या मुलीने चिमुकले हात जोडले, तेव्हा त्या बिचाऱ्याला खिशातून हात काढावाच लागला.

आठ.

"त्याचं काय आहे," गोदामवाला ओशाळून म्हणाला, "ती माझी चूक होती. मशीनचा काही दोष नाही."

"दोन्ही वेळेला तुमचीच चूक?" सुमेधाने विचारलं.

परतताना सीतारामदादांनी जगनला बाजूला घेतलं. "जगन, मशीन झकास होतं रे. पण वहिनी अशा नमस्कार करत हिंडल्या तर आपल्याला गणपतीपर्यंत मशीन मिळत नाही."

"दादा, मला ऐकू येतंय," सुमेधा म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोललो," सीतारामदादा म्हणाले.

ठाकूरद्वारचा पत्ता भिवाने आणला. एका वाडीत, तळमजल्यावर तात्या नावाचे गृहस्थ देवादिकांच्या तसबिरींच्या चौकटी बनवायचे. वय झालं म्हणून धंदा आवरत होते. मशीन कोपऱ्यात होतं; बिडाचं जाडजूड टेबल, मधून डोकावणारं गोल पातं, खाली मोटर, आणि सगळ्यावर एक स्वच्छ चादर. तात्यांनी चादर काढली तशी भिवाने आवाज न करता शिटी वाजवली. मशीन लखलखत होतं.

सुमेधाने राधाला जगनकडे दिलं आणि हात जोडले. तात्यांनी जुन्या वळणाने, डोळे मिटून, दोन्ही हात पूर्ण जोडून नमस्कार केला. तिने मोजली. पुन्हा मोजली. दहाच्या दहा, सरळ, नखांसकट.

"तात्या, किती वर्षं आहे हे तुमच्याकडे?"

"मोठ्या मुलाच्या मुंजीच्या वर्षी घेतलं. आता त्याची मुलगी कॉलेजात जाते."

"आणि इतक्या वर्षांत कधी... बोटाबिटाला?"

"अहो, खरचटलंसुद्धा नाही!" तात्या हसले. "आमची तिन्ही मुलं याच्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना."

सुमेधाचे डोळे भरून आले. मुंबईत एवढी मशीनं, आणि एवढ्या शोधाशोधीनंतर एक सज्जन मशीन भेटलं होतं. मागे सीतारामदादा आणि भिवा कामाला लागले होते. दादांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. भिवाने हाताने पातं फिरवलं. पातं नुसतं वाऱ्यासारखं फिरत राहिलं.

"आवाज?" जगनने विचारलं.

"आवाजच नाही," दादा कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखा भाव होता. "एवढी वर्षं वापरलं आणि बेअरिंग बघ, कालचं वाटतं. पट्टा बघ. पात्याचे दात बघ! एकाची धार गेलेली नाही. ह्याला म्हणतात मशीन ठेवणं. आपल्या खात्यात असा एक माणूस असता ना, जगन..."

"चालवून बघायचं असेल तर मात्र," तात्या घसा खाकरत म्हणाले, "त्याचं असं आहे, की आमच्याकडे..."

सीतारामदादांनी हात वर केला. पन्नास माणसांना गप्प करणारा तो हात होता. "तात्या, चालवून काय बघायचं? चालवून कोणीही बघतं. आम्ही मशीनला हात लावला की कळतं."

"नाही, पण मी काय म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका. भाव सांगा."

तात्यांनी भाव सांगितला. तो ऐकून जगनने पटकन खाली बघितलं. चेहरा दिसला असता तर भाव वाढला असता. आतून तात्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि घासाघीस सुरू व्हायच्या आत म्हणाल्या, "न्या हो, आणखी कमी करून न्या. पण आज न्या."

मशीन हातगाडीवरून डिलाईल रोडला आलं आणि चाळीच्या जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. वरची माणसं वर राहिली, खालची खाली. तळमजल्यावर पिठाची चक्की चालवणाऱ्या बकुळामावशी दुसऱ्या मजल्यावर पोचवायचा पिठाचा डबा घेऊन खाली उभ्या होत्या.

"काय रे मेल्यांनो, हत्ती आणलात की काय?"

"करवत आहे मावशी," भिवा मशीनच्या खालून म्हणाला. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"मग आधी जिना काप तिने!"

शेवटी जिन्याचा कठडा काढावा लागला. तो काढल्यावर मशीन वर गेलं, आणि कठडा परत बसवू म्हणून सगळ्यांनी शब्द दिला. खोलीत मशीन ठेवल्यावर उरलेल्या जागेत जगन, सुमेधा आणि राधा यांच्यापैकी कोणत्याही दोघांना एका वेळी बसता आलं असतं. तरी सुमेधाने हळद-कुंकू लावलं, जगनने नारळ फोडला. राधाला शेजारच्या खोलीत, दाराला कडी घालून, दोन बायकांच्या ताब्यात ठेवलं होतं.

राहता राहिली वायर जोडायची. मोटरीतून तीन वायरी बाहेर आल्या होत्या. भिवाने तीन पिनांचा प्लग आणला. "तीन वायरी, तीन पिना," तो म्हणाला. "विचारच करायला नको."

कोणी केलाही नाही. रविवारची संध्याकाळ होती आणि अख्खा मजला गणपत हवालदारांच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा बघत बसला होता. जगनने हात जोडून बटण दाबलं. फटाक्यासारखा एक आवाज झाला, जळक्या रबराचा वास आला आणि चाळ काळोखात बुडाली. टीव्हीवरचा हिरो त्या वेळी आईला काहीतरी फार महत्त्वाचं सांगणार होता. ते काय, हे चाळीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस लोक जिन्यात जगनला त्याबद्दल विचारत होते.

मेणबत्तीच्या उजेडात सगळे मशीनभोवती बसले. मशीनचं काय चुकलं ते कोणालाच सांगता येईना. मोटरीवर पितळेची एक पट्टी होती. सुमेधाने पदराने ती पुसली आणि तिच्यावरचं इंग्रजी सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कंपनीचं नाव, साल, नंबर. "आणि इथे थ्री फेज लिहिलंय. थ्री फेज म्हणजे काय हो?"

सीतारामदादा हळूच स्टुलावर टेकले.

"दादा?" जगन म्हणाला.

"मोटर म्हणजे थ्री फेजच असते ना रे," दादा खोल आवाजात म्हणाले. "तीस वर्षं खात्यात दुसरी मोटर बघितली नाही मी. मोटर आहे म्हटल्यावर पुढे काय विचारायचं?"

"मिलमध्ये कारखान्याची वीज असते, तिथे ठीक आहे दादा," जगन म्हणाला, "पण आपल्या खोलीत बल्ब आहे एक, आणि पंखा आहे एक. इथे कुठली थ्री फेज?"

भिवा उठून पुन्हा त्या पातळ, लखलखीत पात्याकडे बघत होता. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. "दादा, ठाकूरद्वारच्या त्या खोलीत तरी कुठे होती थ्री फेज?"

मग सगळ्यांच्याच डोक्यात एकदम उजेड पडला. खोलीत नव्हता तेवढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे ठाकूरद्वारला गेले. तात्यांनी दारातूनच नमस्कार केला. या वेळी सुमेधाने उलट केला नाही.

"तात्या, तुम्ही हे मशीन कधी चालवलंत?"

"कधीच नाही," तात्या म्हणाले. "घेतलं तेव्हा याला लागते ती वीज मिळेल असं वाटलं होतं. वाडीचे मालक नाही म्हणाले. मग मी त्यावर हातानेच कापत राहिलो. पण बाई, असं सपाट, दणकट टेबल अख्ख्या गिरगावात मिळायचं नाही."

"मला म्हणालात ना, खरचटलंसुद्धा नाही?"

"मग खरचटलंय का?"

"मुलं अंगाखांद्यावर वाढली म्हणालात!"

"वाढलीच की. धाकट्याला तर आम्ही यावरच झोपवायचो. पात्यावर लाकडाचं खोकं घालून." तात्यांनी सीतारामदादांकडे बोट दाखवलं. "चालत नाही हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. यांनी हात वर केला."

सीतारामदादा वाडीतल्या विहिरीकडे बघत राहिले.

"मग परत घ्या," जगन म्हणाला.

तात्यांनी घरात एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "त्या कोपऱ्यात काल संध्याकाळी कॉट आली. आमच्या हिने कॉटवर बसून चहा घेतला आणि मलाही दिला. न मागता. मशीन परत आणलंत, तर मशीनबरोबर मलाही घेऊन जावं लागेल तुम्हाला."

मशीन चाळीतच राहिलं. आणि खरं सांगायचं तर सुमेधाला मनातल्या मनात हायसं वाटलं. याहून चांगलं मशीन तिला मागूनही मिळालं नसतं. घरात करवत आहे आणि ती कधीही फिरणार नाही! पात्यावर तिनेही एक खोकं घातलं. टेबलावर ती पोळ्या लाटू लागली. उभ्याने लाटायला किती सोपं जातं हे बघायला शेजारणी येऊन गेल्या. राधा टेबलाखाली भातुकली मांडू लागली.

आठ-दहा दिवस असे गेले. मग सुमेधाची नजर, जी आजवर राधाच्या हातांवर असायची, ती हळूहळू जगनच्या हातांवर जाऊ लागली. तो गॅलरीत बसून बोटं मोडायचा. एक एक करून दहा मोडून झाली की पुन्हा पहिल्यापासून. पोटमाळ्याचं गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं, त्याला त्याने "बघतो" म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही. हाताची करवत खुंटीला तशीच होती. संप लांबत गेला तेव्हाचा त्याचा तो चेहरा, जो जाऊन वर्ष झालं असं तिला वाटत होतं, तो परत आला होता. दहा बोटं शाबूत होती, आणि दहाही बिनकामाची. तिला रात्रंदिवस ज्याची धास्ती होती ते झालं नव्हतं. तरी तिला जेवण जाईना.

त्या अस्वस्थपणातच ती गव्हाचा डबा घेऊन बकुळामावशींच्या चक्कीवर गेली. आता तिला एक वाईट खोड लागली होती. कुठेही मोटर दिसली की ती वाकून पितळेची पट्टी वाचायची. जात्याखालच्या मोटरीवरचं पीठ तिने फुंकलं, वाचलं, आणि जी किंचाळली, की दळायला आलेल्या एका बाईच्या हातातून डबा सुटला.

"काय गो बाय, इंचू चावलो?" मावशी धावल्या.

"मावशी, थ्री फेज!"

"मग? ज्वारी काय मेणबत्तीवर दळतात?"

सुमेधा पिठाच्या पोत्यावर बसली आणि एका दमात तिने सगळं सांगितलं. मशीनचं नाही, जगनचं. तो बोटं कसा मोडतो ते. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण करवत चालू करायची भीक मागतोय. मावशींनी पदराने तोंडावरचं पीठ पुसलं.

"मागचो कोपरो मोकळो आसा," त्या म्हणाल्या. "दुपारी जातं बंद असतं, तेव्हा काय ता कापूक सांग त्याला. मध्ये जाड पडदो लावायचा. माझ्या पिठात चिमूटभर भुसा दिसला, तर तुझ्या नवऱ्याला दळून गिऱ्हाइकाला देईन. बारीक!"

मशीन खाली आणताना जिन्यात अडकलं नाही, कारण कठडा अजून बसवलेलाच नव्हता. या वेळी वायर जोडायला सीतारामदादांनी परवानावाला वायरमन आणला, आणि तो काम करत असताना स्वतः हात पाठीशी बांधून उभे राहिले.

पहिली फळी कापायची दुपार ठरली. सुमेधाने खाली यायचं साफ नाकारलं. राधा आता सुरक्षित होती, खोली मोकळी होती. पण फिरत्या पात्याजवळ जाणारे हात जगनचे होते. ते तिला बघवणार नव्हतं, आणि न बघताही राहवणार नव्हतं.

"असं करा," ती म्हणाली. "प्रत्येक फळीनंतर मला हाक मारा."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"अगं, लोक हसतील."

"दहा बोटांनी हसले तरी चालेल," सुमेधा म्हणाली.

राधा खोलीच्या आतल्या बाजूला झोपली होती. सुमेधा दारात विळी मांडून भोपळा चिरायला बसली. हाताला काहीतरी चाळा हवा होता. खाली मोटर घुमली. चाळीच्या भिंतीतून तो आवाज वर आला आणि गॅलरीतल्या चार माणसांनी चटकन मान वर केली. असा घुमणारा आवाज त्यांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. मग लाकडाचा कर्रर्र आवाज. सुमेधाने श्वास धरला.

"झाली गं!" खालून जगनची हाक आली.

तिने श्वास सोडला आणि भोपळ्याची एक फोड केली.

कर्रर्र. "झाली गं!" दुसरी फोड.

कर्रर्र. "झाली गं!" त्याच्या आवाजात आता काहीतरी चढत होतं. हे कसलं चढणं ते तिला ओळखता आलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मिलची पाळी संपवून जिना चढताना तो असाच हाक मारायचा. तिला हसू आलं.

कर्रर्र.

हाक आली नाही.

सुमेधाने कान दिला. मोटर चालू होती. कोणीतरी काहीतरी बोलत होतं. हाक नाही. तिने पाय विळीच्या पाटावर तसाच ठेवून मान गॅलरीच्या कठड्याकडे लांब केली, डोळे खाली, कान खाली, सगळा जीव खाली. आणि हात मात्र सवयीने भोपळा पात्यावर रेटत राहिला.

तिची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली. भिवाने झटकन मोटर बंद केली आणि खालच्या सगळ्यांनी आधी आपापली बोटं बघितली. ती भरली. मग सगळे जिन्याकडे धावले.

जगन सगळ्यात पुढे होता. त्याच्या हातात अजून ती फळी होती, जी तो बकुळामावशींना हात फिरवून बघायला सांगत होता, आणि त्या नादात हाक मारायची राहिली होती. सुमेधाने डाव्या हाताचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. मावशींनी हळद दाबली, चिंधी बांधली. जखम खोल नव्हती, पण रक्त भरपूर आलं होतं. राधा जागी होऊन उंबऱ्यात बसली होती आणि भोपळ्याच्या बिया वेचत होती. विळीचं पातं तिच्या नाकासमोर होतं.

सीतारामदादा आणि भिवा उकिडवे बसले. दोघांनी विळीकडे बघितलं. मग एकमेकांकडे.

"उघडं पातं," भिवा म्हणाला.

"गार्ड नाही," दादा म्हणाले.

"बंद करायची सोयच नाय."

"जमिनीला टेकून, पोराच्या उंचीला. आणि पायाने धरायचं!" दादांनी कपाळाला हात लावला. "आमच्या खात्यात असं मशीन असतं तर इन्स्पेक्टरने त्याच दिवशी सील ठोकलं असतं. वहिनी, हे घरात आणलं कोणी?"

"माझ्या आईने," सुमेधा रडवेल्या आवाजात म्हणाली. "रुखवतात."

"नमस्कार केला होतात का त्यांना आधी?"

जगनने विळी उचलली, वितीने तिचं पातं मोजलं आणि तो खाली गेला. थोड्या वेळाने मोटर घुमली. तो वर आला तेव्हा विळीवर लाकडाचं सुबक झाकण होतं, मागे बिजागरी, पुढे कडी. कडी राधाला उघडेना. तिने खूप प्रयत्न केला, मग रागावून बिया खाल्ल्या.

किंकाळीने अख्खी चाळ गोळा झालेली होतीच. झाकण सगळ्यांनी हाताळलं. संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या बायकांनी आपापल्या विळीला तसंच झाकण सांगितलं, दोन दिवसांत समोरच्या चाळीने. त्या आठवड्यात एका दुपारी विळ्या हातात घेतलेल्या बायकांची रांग चक्कीच्या दारातून रस्त्यापर्यंत आली, तेव्हा गणपत हवालदार ड्युटीवरून परतत होते. ते टोपी सावरत धावत आले.

"कसला मोर्चा आहे हा? परवानगी काढलीय?"

"मोर्चा नाय, नंबर लागलेत," बकुळामावशी आतून ओरडल्या. "तुमच्या हिची विळी कुठे आहे? शेवटी उभे राहा."

जगनला आता बोटं मोडायला वेळ नसायचा. प्रत्येक फळीनंतर हाक मारायलाही नसायचा, आणि सुमेधाने तो आग्रह सोडलाही होता. पण भाजी चिरायची तर विळीची कडी काढावी लागतेच. वर ती काढल्याचा आवाज आला, की खाली चक्कीच्या कोपऱ्यातलं मशीन थांबायचं. जगन बाहेर येऊन मान वर करायचा.

"किती राहिलीत गं?"

"दोन वांगी!"

आणि वरून "झाली हो!" अशी हाक येईपर्यंत बकुळामावशी, सीतारामदादा, भिवा आणि रांगेतल्या सगळ्या बायका, विळ्या पदराखाली धरून, श्वास रोखून गॅलरीकडे बघत उभ्या असायच्या.